दोरीचं दुसरं टोक : मांजरकुळाला पट्टा बांधण्याचा इतिहास कसा वाचायचा

आमच्या वऱ्हाडात कोणी मांजरीला पट्टा बांधून फिरायला नेलं, तर ओट्यावरून प्रश्न येणार हे नक्की : "कुत्रं समजलं का बे तिले?" प्रश्न चेष्टेचा आहे, पण त्यात एक चांगला संशोधन-प्रश्न दडलेला आहे. कुत्रा दोरीला लागला की आपण त्याला 'पाळीव' म्हणतो. मग मांजरकुळातला प्राणी दोरीने चालू लागला, तर तोही पाळीव झाला असं म्हणायचं का?

अमरावती-अकोल्याकडे आता पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मांजरीसाठी हार्नेस मिळतात, त्यामुळे ही अलीकडची हौस वाटते. पण आपल्या देशात मांजरकुळातला एक प्राणी निदान आठशे वर्षं दोरीने फिरवला गेला. तो म्हणजे चित्ता. या लेखात त्या दोरीचा इतिहास सांगतो. सोबत, पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी, जुनं साधन वाचताना नेमकं काय विचारायचं, हेही बघू. मी स्वतः विज्ञान शाखेचा. इतिहासाची साधनं वाचायची सवय नंतर लागली, त्यामुळे सांगण्यात प्रयोगवहीची सवय दिसेल, ती चालवून घ्या.

आधी दोन शब्द वेगळे करू

कोणत्याही संशोधनात पहिलं काम व्याख्येचं. 'माणसाळलेला' आणि 'पाळीव' हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. जीवशास्त्रात ते वेगळे आहेत. माणसाळणं ही एका प्राण्याची गोष्ट असते : तो जन्मला रानात, पण माणसाच्या सवयीने शांत झाला. पाळीव होणं ही वंशाची गोष्ट असते : पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सोबतीने प्रजनन होऊन अख्खी जात बदलत जाते.

घरातली मांजर दुसऱ्या प्रकारातली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेली मांजर सापडली आहे, ती सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या घरगुती मांजरींचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरीत दाखवलं. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवर खुर्चीच्या पायाला दोरीने बांधलेली मांजरही रंगवलेली आहे. म्हणजे मांजरीला दोरी लावणं जुनंच. तरी मांजर दोरीमुळे पाळीव झाली नाही. धान्याच्या कोठारात उंदीर होते, उंदरांमागे ती आली, आणि माणसाच्या आसऱ्याने तिची पिल्लं वाढत गेली.

आता एक शरीररचनेची गोष्ट, पुढे कामी येईल. मांजरीचं गळ्याचं हाड, म्हणजे जत्रुक, खांद्याच्या इतर हाडांना घट्ट जोडलेलं नसतं, ते स्नायूंत असतं. म्हणून डोकं जिथून गेलं तिथून बाकीचं अंगही बहुतेक वेळा निघून जातं. नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यातून मांजर मागे सरकत सहज निसटते, म्हणून तिला छाती-पोटाभोवतीचा हार्नेस लागतो. 'पट्ट्यातून निसटणं' हे शब्द लक्षात ठेवा. आपल्या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण त्याच शब्दांत आहे.

मानसोल्लासापासून अकबरापर्यंत

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला, 1130 च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून. राजाच्या करमणुकींत या ग्रंथाने शिकवलेल्या चित्त्याकडून हरणाची शिकार करवणं सांगितलं आहे. चित्त्याचं हे काम भारतात किती जुनं, हे सांगताना अभ्यासक साधारण याच ग्रंथापासून सुरुवात करतात.

तपशीलवार माहिती मात्र अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचं वर्णनही आहे. 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आलं, आणि अकोल्याजवळच्या बाळापुरात त्यांचं मोठं ठाणं झालं. चित्त्यांच्या प्रकरणात अबुल फजल एखाद्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीसारखं लिहितो. चित्ता खड्ड्यात पाडून पकडायचा. खड्डा फार खोल असला तर पाय मोडतो, म्हणून बादशहाने तो उथळ करवला आणि वर झडपेचं दार बसवलं. पूर्वी एक चित्ता तयार व्हायला दोन-तीन महिने लागत, ते काम आता अठरा दिवसांत होतं. चित्त्यांच्या प्रतीनुसार रोजचं मांस ठरलेलं. डोळ्यांवर टोपी, अंगावर झूल, शिकारीच्या जागेपर्यंत न्यायला गाडी, डोली किंवा घोडा.

रानातून आणलेल्या चित्त्याला माणसांची सवय कशी लावत, हे नंतरच्या इंग्रज लेखकांनी पाहून लिहिलं आहे. जॉन लॉकवुड किपलिंगच्या 1891 च्या पुस्तकात भारतातल्या चित्तेवाल्यांचं वर्णन येतं. चित्त्याला बाजेला बांधून ठेवायचं, भोवती बायका-पोरांनी गलका करायचा, त्याला गर्दीत फिरवायचं, आणि राखणदाराने रात्री त्याच्या शेजारीच झोपायचं. आज हार्नेस घातलेल्या मांजरीला रस्त्याच्या आवाजाची हळूहळू सवय लावतात, त्याचंच हे मोठं रूप.

जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराचं 1760 च्या दशकातलं चित्र जालावर शोधून बघा. मद्रासच्या गव्हर्नराने राजा तिसऱ्या जॉर्जला भेट दिलेला चित्ता त्यात आहे, सोबत दोन भारतीय राखणदार. लाल टोपी डोळ्यांवरून मागे सारलेली, आणि एकाने त्याला कमरेभोवतीच्या पट्ट्याने मागून धरलेलं. नुसत्या गळ्याच्या पट्ट्याचा भरवसा नाही, हे त्या राखणदारांना पक्कं ठाऊक होतं.

शब्दाचा सापळा

इथे थांबून एक इशारा. ब्लॉखमानने 1873 मध्ये 'आईन'चं इंग्रजी भाषांतर छापलं, त्यात फारसी 'यूझ'साठी जागोजागी बिबट्याचा इंग्रजी शब्द आहे. तुम्ही भाषांतरावर विसंबून राहिलात, तर अकबराच्या पदरी हजारो बिबटे होते असा निष्कर्ष काढाल. आपल्याकडेही घोळ आहेच. 'चित्ता' शब्द 'चित्रक'वरून आला, म्हणजे ठिपकेवाला. गावाकडे आजही कित्येक जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात.

मग ठरवायचं कसं? नावावर जाऊ नका, वर्तन बघा. मोकळ्या माळावर, दिवसाढवळ्या, टोपी काढताच धावत जाऊन काळवीट पकडणारा प्राणी चित्ताच असू शकतो. बिबट्या दबा धरून, आडोशाने शिकार करतो. साधनातलं नाव आणि साधनातलं वर्तन जुळत नसेल, तर वर्तनाला जास्त वजन द्या. हा नियम वनस्पतींना, रोगांना, पिकांच्या वाणांनाही लागू पडतो.

जहांगीरचं एक वाक्य

आता मुख्य पुराव्याकडे येऊ. जहांगीर बादशहा निसर्गाचा बारकाईने निरीक्षण करणारा माणूस. सारस पक्ष्यांच्या जोडीवर नजर ठेवून त्याने समागमापासून अंडी उबवण्यापर्यंतच्या नोंदी केल्या. त्याच्या आठवणींत 1613 च्या सुमाराची एक छोटी नोंद आहे. तिचा आशय असा : चित्ता परक्या ठिकाणी जोडी करत नाही. वडिलांनी एकदा हजार चित्ते जमवले, त्यांची जोडी जमावी म्हणून नर-माद्या बागांत एकत्रही सोडून पाहिल्या, पण काही झालं नाही. आता मात्र एक नर पट्ट्यातून निसटला, मादीकडे गेला, आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली.

ही नोंद प्रयोगासारखी वाचा. आधी गृहीतक आहे, मग फसलेले प्रयत्न, मग बदललेली एक अट आणि निकाल. 'अडीच महिने' हा आकडाही तपासता येतो. चित्त्याचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असतो, म्हणजे जहांगीरचा आकडा थोडा कमी पण जवळचा आहे. तीन पिल्लं तर अगदी नेहमीची संख्या. म्हणून नोंद विश्वासार्ह धरायला हरकत नाही. 'हजार' हा आकडा मात्र गोल आहे. तो 'खूप मोठी संख्या' या अर्थाने घ्यावा, मोजणी म्हणून नाही.

यानंतर बंदिस्त चित्त्याला पिल्लं झाल्याची नोंद थेट 1956 ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातली. मधली 343 वर्षं! कारण पुढे क्षेत्र-अभ्यासातून उमगत गेलं. रानात चित्त्याची मादी एकटी राहते, नर बरेचदा भावाभावांच्या टोळीत राहतात, आणि दोघे फक्त मीलनापुरते भेटतात. कायम एकत्र डांबलेल्या नर-माद्यांत काही घडत नाही. म्हणून आता प्राणिसंग्रहालयं त्यांना वेगळं ठेवतात आणि वेळ बघून एकत्र आणतात. जहांगीरच्या नराने पट्ट्यातून निसटून नेमकं हेच साधलं होतं : दूर होता, आणि आपल्या वेळेने गेला.

साधं गणित

आता वही काढा. समजा एखाद्या दरबारात हजार चित्ते आहेत आणि बंदिवासात प्रत्येक सरासरी दहा वर्षं जगतो. दोन्ही आकडे मी फक्त हिशेबासाठी धरले आहेत. पिल्लं होतच नसतील, तर संख्या तेवढीच ठेवायला दरवर्षी रानातून शंभर नवे चित्ते पकडावे लागतील. प्रत्येक सुभेदार, प्रत्येक संस्थानिक आपापल्या ऐपतीप्रमाणे हेच करत असेल, तर रानावर किती भार पडला असेल बघा.

त्यात आणखी एक मेख. पिल्लू पकडून उपयोग नसे. शिकार करायला पिल्लू आईकडून शिकतं, माणूस ते शिकवू शकत नाही, असं चित्तेवाले मानत. म्हणून पकडायचे ते वाढ झालेले, शिकार येणारे, म्हणजेच प्रजननाच्या वयातले चित्ते. दोरीला लागलेला प्रत्येक चित्ता रानाच्या पुढच्या पिढीतून वजा होत होता. आठशे वर्षं दोरीने चालूनही चित्ता पाळीव झाला नाही. प्रत्येक पिढीत तो नव्याने माणसाळवावा लागला.

फक्त पकडण्यामुळेच तो संपला असं मात्र लिहू नका, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतील. इंग्रजी अमलात हिंस्र पशू मारण्याला बक्षिसं होती. माळरानं मोडली ती वेगळीच. आपलं वऱ्हाड 1853 मध्ये कंपनीच्या ताब्यात आलं. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरचा कापूस तुटला आणि इथल्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात आली. गवताळ जमीन सरकारी दप्तरात 'पडीत' ठरली, ती नांगराखाली गेली. काळवीट कमी झाला की चित्त्यानं खायचं काय?

विसाव्या शतकात तर संस्थानांना चित्ते परदेशातून मागवावे लागले. आपल्याकडचं ठळक उदाहरण कोल्हापूर. शाहू महाराज आणि पुढे राजाराम महाराज यांच्या काळात तिथली चित्त्याची शिकार प्रसिद्ध होती, आणि त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते येत. 1947 मध्ये कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, ते भारतातले शेवटचे नोंदलेले चित्ते. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

दोरी धरणारा कोण?

आता लेखाच्या नावाकडे वळू. 'आईन'मध्ये चित्त्यांची नावं आहेत. समंद माणिक हा बादशहाचा खास चित्ता, त्याला चौडोलात बसवून थाटात नेत. चित्रंजन नावाच्या चित्त्याने मोठी घळ उडी मारून ओलांडली आणि हरीण पकडलं, म्हणून त्याला चित्त्यांचा प्रमुख करून पुढे नगारा वाजवण्याचा मान दिला. दोरी धरणाऱ्यांबद्दल काय आहे? त्यांची संख्या आणि पगार. एका चित्त्यामागे पूर्वी चार माणसं होती, नंतर तीन किंवा दोन केली. महिना 5 ते 30 रुपये, आणि गाडी ओढणाऱ्या बैलांची निगाही त्यांच्याकडेच. त्या प्रकरणात चित्त्याला नाव मिळालं, पण त्याच्याजवळ रात्र काढणारा माणूस आकड्यातच राहिला.

वऱ्हाडच्या विद्यार्थ्याने हा धागा सोडू नये. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्यानंतर 1916 मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा या प्रदेशातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ आला. त्यात पारधी या नोंदीत पोटविभाग दिले आहेत. बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे गायके, जात्याला टाकी लावणारे टाकणकार, फास लावणारे फासेपारधी, आणि माणसाळवलेला 'बिबट्या' घेऊन शिकार करणारे चित्तेवाले. पुन्हा तोच शब्दाचा सापळा! आता तुम्ही तो ओळखाल.

म्हणजे चित्ता पकडणं, त्याला शांत करणं, त्याची भूक आणि राग ओळखणं हे ज्ञान जमातीच्या हातात होतं, दरबाराने ते वापरलं. पुढे त्या ज्ञानाचं काय झालं? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फासेपारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारायची वाट उघडली. हजेरी, परवाने, फिरण्यावर बंधनं आली. हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या, त्याचं वर्ष 1952. चित्ता नामशेष जाहीर झाला तेच वर्ष. हा योगायोग आहे. त्यातून कार्यकारणभाव काढू नका. पण दोन्ही तारखा एका पानावर लिहून ठेवा, कारण दप्तरात त्या सहसा वेगवेगळ्या खात्यांत सापडतात : एक वनखात्यात, दुसरी पोलिसांत.

रसेल-हिरालाल वाचताना हेही ध्यानात असू द्या की तो ग्रंथ अशाच राज्यकारभाराच्या सावलीत लिहिला गेला. माहिती घ्या, विशेषणं गाळा. आणि नुसत्या ग्रंथावर थांबू नका. अमरावती जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आजही आहेत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारध्यांच्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी सुरू केलेली 'प्रश्नचिन्ह' शाळा आहे. अकोला-वाशीमच्या माळरानांवर याच समाजातली माणसं तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी वाचवायच्या कामात आहेत. माळ आणि जनावर ओळखणारी नजर अजून जिवंत आहे. तिच्याकडे विचारायला गेलात तर आधी परवानगी घ्या, आणि तुमच्या प्रबंधाचा त्यांना काय उपयोग, याचं उत्तर तयार ठेवा.

पट्टा अजून सुटलेला नाही

17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले, फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. सगळ्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला कॉलर. दोरी अदृश्य झाली, पट्टा राहिला. मार्च 2023 मध्ये तिथे चार पिल्लं जन्मली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काही चित्त्यांच्या मानेवर कॉलरखाली ओलसर जखमा आणि अळ्या आढळल्या, आणि तपासणीसाठी कॉलर काढावे लागले. जनावर कुठे आहे हे पट्टा सांगतो, पण पट्ट्याखाली काय चाललंय ते जवळ जाऊन बघणाऱ्या माणसालाच कळतं. जुन्या चित्तेवाल्याचा हात रोज त्या मानेवरून फिरत असे.

आता ओट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर देऊ. मांजर दोरीने चालते म्हणून पाळीव नसते, ती पाळीव आहे म्हणून एखादवेळी दोरी सहन करते. चित्ता उत्तम दोरीने चालला, तरी शेवटपर्यंत रानाचाच राहिला.

तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास : आपल्या विषयातलं एखादं जुनं साधन घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा. यातला शब्द आज कोणत्या वस्तूला लागू होतो? यातला कोणता आकडा स्वतंत्रपणे तपासता येतो? आणि यात नाव कोणाला मिळालं, नुसता आकडा कोणाच्या वाट्याला आला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक वेळा संशोधनाचा विषयच हाती लागतो.